सचिनचा तक्ता आणि गोरेगावचे तक्ताज्ञ

प्रसिद्ध व्यक्तीचे आयुष्य समजून घेण्याच्या ज्या अनेक पद्धती मानवजातीने आजवर शोधून काढल्या, त्यांपैकी त्या व्यक्तीचे आयुष्य वाचणे ही सर्वांत अप्रतिष्ठित पद्धत होय. चरित्र वाचायला वेळ लागतो, आत्मचरित्राला त्याहून जास्त लागतो, आणि दोन्ही वाचून हाती जे येते ते गावातल्या कोणत्याही पानठेल्यावर लोकांना आधीपासून ठाऊक असते. याउलट जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मगाव या तीन गोष्टी संगणकात भरल्या की जो तक्ता बाहेर पडतो, त्यात त्रिकोण असतात, चौकोन असतात, रेषा आणि आकडे असतात, आणि त्यातले काहीच कोणाला कळत नसल्यामुळे अर्थ सांगणाऱ्यास समाजात आपोआप मानाचे स्थान मिळते. गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव या तालुक्याच्या ठिकाणी, धान कापून झाल्यानंतरच्या मोकळ्या दिवसांत, सचिन तेंडुलकर यांचे आयुष्य अशा तक्त्यावरून उलगडण्याचा जो सामुदायिक उद्योग चालतो, त्याचे शक्य तितके गंभीर विवेचन येथे करावयाचे आहे.

ज्या पद्धतीने हा तक्ता काढला जातो तिला ‘ह्यूमन डिझाइन’ असे म्हणतात. तिचे प्रवर्तक क्राकोवर आडनावाचे, १९४८ साली कॅनडातील माँट्रियल येथे जन्मलेले गृहस्थ असून ते आधी जाहिरात आणि मासिकांच्या व्यवसायात होते. पुढे स्पेनच्या इबिझा बेटावर जानेवारी १९८७ मध्ये एका अज्ञात आवाजाने सलग आठ दिवस आणि आठ रात्री आपल्याला ही संपूर्ण विद्या ऐकवली असे त्यांनी जाहीर केले, आणि तेव्हापासून ते ‘रा उरू हू’ या नावाने ओळखले जाऊ लागले. जाहिरात धंद्यातल्या माणसाने आठ दिवस दुसऱ्याचे मुकाट्याने ऐकून घेतले यापेक्षा मोठा चमत्कार या प्रकरणात शोधण्याची गरज नाही, असे मत गोरेगावातील एका निवृत्त गुरुजींनी नोंदवले आहे. त्या आवाजाने जे सांगितले त्यात चीनमधील ‘यी चिंग’ या ग्रंथाच्या चौसष्ट आकृत्या, ज्यू गूढविद्येतील कब्बाला, पाश्चात्त्य फलज्योतिष आणि भारतीय चक्रे अशी चौफेर सामग्री असून वर न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणांचीही फोडणी आहे. आपल्याकडे सहसा सात मानली जाणारी चक्रे तेथे पोहोचेपर्यंत नऊ झाली, ही बाब निर्यातीच्या इतिहासात दुर्मिळ म्हणावी लागेल, कारण एरवी माल वाटेत कमी होतो.

तक्त्याची रचना थोडक्यात अशी, की मानवी देहाच्या बाह्यरेषेत नऊ ‘केंद्रे’ काढलेली असतात, त्यांना जोडणारे छत्तीस मार्ग असतात, आणि या मार्गांच्या टोकांना चौसष्ट ‘द्वारे’ असतात, ज्यांपैकी कोणती उघडी ते जन्मसमयीच्या ग्रहस्थितीवरून ठरते. सूर्य, पृथ्वी, चंद्र, राहू, केतू आणि बुधापासून प्लुटोपर्यंतचे ग्रह मिळून तेरा नोंदी होतात. परंतु तेवढ्याने समाधान न झाल्यामुळे जन्माआधी सूर्य जेव्हा अठ्ठ्याऐंशी अंश मागे होता, म्हणजे सुमारे तीन महिन्यांपूर्वी, त्या क्षणाच्या आणखी तेरा नोंदी घेतल्या जातात आणि एकूण सव्वीस होतात. ज्या केंद्राला रंग भरलेला असतो ते ‘निश्चित’ आणि जे कोरे राहते ते ‘मोकळे’ समजतात. सदर लेख लिहिणाऱ्याच्या तक्त्यात कंठाचे केंद्र कोरे निघाले असून, अशी व्यक्ती लोकांचे लक्ष वेधून घेण्यासाठी कोणी न विचारताही बोलत सुटते, असे शास्त्र सांगते. लेखाची लांबी पाहता या निदानावर हरकत घेणे अवघड आहे.

या सर्व गणितातून माणसाचा ‘प्रकार’ निघतो. प्रकार पाच आहेत आणि प्रत्येकाला जगण्याची एक रीत नेमून दिलेली आहे. जनरेटरने आपणहून काही सुरू करायचे नाही, समोरून येईल त्याला प्रतिसाद द्यायचा. मॅनिफेस्टिंग जनरेटरनेही तेच करायचे, फक्त जरा घाईने. मॅनिफेस्टरने सुरुवात करायची, परंतु आधी सर्वांना कळवून. प्रोजेक्टरने बोलावणे येईपर्यंत गप्प बसायचे. आणि रिफ्लेक्टर नावाच्या अतिदुर्मिळ माणसाने कोणताही मोठा निर्णय घेण्यापूर्वी चंद्राची एक पूर्ण फेरी, म्हणजे सुमारे अठ्ठावीस दिवस, थांबायचे. जगातील साधारण सत्तर टक्के माणसे पहिल्या दोन प्रकारांत मोडतात आणि रिफ्लेक्टर शंभरात एखादा असतो, असे या पद्धतीचे पुरस्कर्ते मानतात.

हे वर्गीकरण इबिझात सांगितले गेले असले, तरी ते मुळात क्रिकेटच्या मैदानाकडे पाहून केले असावे असा दाट संशय गोरेगावच्या अभ्यासकांना आहे. फलंदाज समोरून चेंडू आल्याशिवाय काहीच करू शकत नाही, तेव्हा तो जनरेटर. गोलंदाज धावत येऊन प्रकरणाची सुरुवात करतो आणि कोणत्या बाजूने टाकणार हे पंचांमार्फत आधी कळवतो, तेव्हा तो मॅनिफेस्टर. क्रिकेटच्या नियमांनुसार अपील झाल्याखेरीज पंचाला फलंदाज बाद देता येत नाही, तेव्हा पंच हा शुद्ध प्रोजेक्टर. आणि तिसरा पंच, जो एकच दृश्य पुढून, मागून, हळू आणि पुन्हा हळू पाहत राहतो, तो अर्थातच रिफ्लेक्टर. अठ्ठावीस दिवसांचा नियम त्याला लावलेला नाही, हे केवळ प्रक्षेपणाचा करार आधी संपतो म्हणून.

“म्हणजे सचिन जनरेटर?” असे चौकातल्या पानठेल्यावर विचारले गेले.

“हव. येईल त्या चेंडूले उत्तर देते.”

“मंग अकरावा बॅट्समन?”

“तोही जनरेटर. पन त्याले उत्तर येत नाही.”

येथवर सिद्धान्त झाला. अडचण प्रत्यक्ष तक्ता काढताना सुरू होते. पहिली अडचण खुद्द गोरेगावची आहे. महाराष्ट्रात गोरेगाव नावाची गावे एकाहून अधिक असून, रायगडातले सोडले तरी, मुंबईचे गोरेगाव चित्रनगरीमुळे इतके प्रसिद्ध आहे की गोंदियाच्या गोरेगावकराला परगावी आपले गाव सांगताना कंसासकट उच्चारावे लागते. संगणकात ‘गोरेगाव’ असे टंकले की तोही निमूटपणे सिनेमावाले गोरेगाव पुढे करतो. जुन्या पद्धतीच्या कुंडलीत ही चूक महाग पडते, कारण दोन गावांच्या रेखांशांत सात अंशांहून अधिक अंतर असल्यामुळे सूर्य गोंदियाकडे जवळजवळ अर्धा तास आधी उगवतो आणि तेवढ्याने लग्नराशी बदलू शकते, त्यामुळे गोंदियाच्या कित्येक पोरांच्या नशिबी मुंबईचे लग्न येऊन प्रत्यक्षात ते आमगाव-तिरोड्याच्या पुढे सरकत नाही. नव्या पद्धतीत मात्र जन्मगावाचा उपयोग केवळ घड्याळाची वेळ ठरवण्यापुरता असतो, आणि देशभर घड्याळ एकच असल्याने, दोन्ही गोरेगावांत एकाच मिनिटाला जन्मलेल्या मुलांचा तक्ता तंतोतंत सारखा निघतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला त्यानंतर मुंबईशी इतकी बरोबरी या भागाच्या वाट्याला प्रथमच आली, म्हणून ही पद्धत येथे लोकप्रिय झाली, असे म्हणण्यास जागा आहे.

दुसरी अडचण जन्मवेळेची. तेंडुलकर यांचा जन्म २४ एप्रिल १९७३ रोजी मुंबईत झाला हे सर्वज्ञात आहे. ‘कालनिर्णय’ ही दिनदर्शिकाही त्याच वर्षी निघाली, आणि पुढे कितीतरी मराठी घरांत एक भिंत दोघांनी वाटून घेतली. परंतु त्या दिवशी नेमके किती वाजता, याबद्दल ज्योतिषप्रेमी मंडळींत एकाहून अधिक वेळा प्रचलित असून प्रत्येक गट आपली वेळ जणू प्रसूतिगृहाच्या दारात घड्याळ घेऊन उभे राहिल्यासारखा सांगतो. यावर परंपरेने एक उपाय दिलेला आहे, त्यास ‘जन्मवेळ शुद्धीकरण’ म्हणतात. त्याची कृती अशी, की माणसाच्या आयुष्यात घडून गेलेल्या मोठ्या घटना घ्याव्यात, त्या घटना जिच्यातून निघतील अशी वेळ शोधावी, तीच खरी जन्मवेळ समजावी, आणि नंतर त्या वेळेवरून कुंडली मांडून सर्व घटना कशा अचूक निघाल्या हे पाहून थक्क व्हावे. गणिताच्या पेपरात उत्तर आधी पाहून रीत मागाहून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास गुरुजींनी आयुष्यभर छड्या मारल्या. निवृत्तीनंतर तेच काम ते स्वतः विनामूल्य करतात.

सुदैवाने काही गोष्टी वेळेवाचूनही ठरतात. या पद्धतीत सूर्य एका द्वारात साडेपाच-पावणेसहा दिवस मुक्काम करतो आणि २४ एप्रिलला, दिवसाची वेळ कोणतीही धरली तरी, तो सत्ताविसाव्या द्वारात असतो. यी चिंगमधील सत्ताविसावी आकृती तोंडाची, जबड्याची आणि पोषणाची मानली जाते. तडाखेबंद फलंदाजाच्या खात्यात पोषण निघाल्यामुळे पानठेल्यावर काही काळ शांतता पसरली, ती एका तरुणाने मोडली.

“बूस्टची जाहिरात करे ना तो!”

त्यानंतर कोणालाच शंका राहिली नाही. कोणा चहाडखोराने पुढे असे लक्षात आणून दिले, की दरवर्षी २२ एप्रिलपासून पाच-सहा दिवसांत जन्मलेल्या समस्त प्रजेचा सूर्य त्याच द्वारात असतो, अभिनेता वरुण धवन हाही त्याच तारखेचा आहे, आणि गोरेगाव तालुक्यातही त्या आठवड्यात जन्मलेली माणसे असून त्यांपैकी कोणी शतक काढल्याची नोंद नाही. यावर तक्ताज्ञांचे उत्तर तयार होते : “त्याहिले पोषन भेटलंच नाही.”

परंपरागत कुंडली मांडणाऱ्या एका वयोवृद्ध गृहस्थांना हा परदेशी प्रकार मुळीच मान्य नव्हता. सायन आणि निरयन हा महाराष्ट्राचा जुना वाद येथे पुन्हा उभा राहिला. सायन म्हणजे ऋतूंच्या संपात बिंदूपासून मोजलेले राशीचक्र आणि निरयन म्हणजे ताऱ्यांच्या आधाराने मोजलेले. दोहोंत आज सुमारे चोवीस अंशांचा फरक आहे. त्यामुळे तेंडुलकर यांचा सूर्य नव्या पद्धतीत वृषभेत पडतो, तर आपल्या पंचांगानुसार मेषेत, तोही उच्चीचा. “उच्चीचा रवी आहे, आणखी काय पायजे?” असे त्या गृहस्थांनी ठणकावून सांगितले. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत जो कोणी जन्माला येतो त्याचा रवी उच्चीचाच असतो आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात जन्मलेली निम्मी मुले त्यात येतात, हे त्यांना सांगितले असता, “म्हनूनच ते इतक्या उन्हात तोडाई करू शकतेत” असे म्हणून त्यांनी विषय संपवला. कोणत्याही शास्त्राची कसोटी त्याला किती प्रश्न विचारता येतात यावर ठरत असेल, तर गोरेगावात दोन्ही शास्त्रे पहिल्या प्रश्नातच उत्तीर्ण होतात, कारण दुसरा प्रश्न विचारण्यापूर्वी पान लावून होते.

जन्माआधीच्या अठ्ठ्याऐंशी अंशांचे प्रकरण तर याहून सरस निघाले. २४ एप्रिल १९७३ रोजी दिवसा उजेडी जन्म धरून हिशेब मागे नेला तर तो २६ जानेवारी १९७३ वर येऊन थांबतो. म्हणजे ज्याला पुढे भारतरत्न मिळाले, त्याचा सुप्त आराखडा प्रजासत्ताकदिनी मुक्रर झाला. हा योग एखाद्या इतिहासकाराला सापडला असता तर त्याने तो योगायोग म्हणून सोडून दिला असता. तक्ताज्ञाला सापडला, तेव्हा त्यावर दोन संध्याकाळी निघाल्या. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जन्मलेल्या बहुतेकांची ती दुसरी तारीख जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातच येणार, हे गणित कोणी मांडले नाही, कारण मांडणाऱ्याला चहा पाजण्याची पद्धत नाही.

परंतु खरा कळस १२ मार्च २०११ या तारखेचा आहे. त्या दिवशी नागपूरजवळच्या जामठा येथील मैदानावर विश्वचषकाच्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तेंडुलकर यांनी १११ धावा काढून आपले नव्व्याण्णवावे आंतरराष्ट्रीय शतक पूर्ण केले, आणि त्याच दिवशी तिकडे इबिझात रा उरू हू यांचे निधन झाले. पुढचे, म्हणजे शंभरावे शतक यायला १६ मार्च २०१२ उजाडला, मधे एक वर्ष आणि चार दिवस गेले, अख्खा देश दर सामन्याला नव्वदीत अडकून पडला, आणि तज्ज्ञांनी पायांची हालचाल, वय, दडपण अशी ढोबळ कारणे दिली. गोरेगावात कारण तात्काळ सापडले : ज्याने तक्ता दिला तोच गेल्यावर तक्ता चालणार कसा? जनरेटरला प्रतिसाद देण्याजोगे काही समोर आले नाही की त्याच्या पदरी ‘वैताग’ येतो, असे शास्त्रवचनही आहे. हा वैताग तेंडुलकरांपेक्षा दूरदर्शन संचासमोर बसलेल्यांना अधिक झाला, तेव्हा प्रेक्षकही जनरेटरच ठरले.

येथे एका शंकेखोराने मोलाची भर घातली. जामठ्याच्या त्या सामन्यात भारताची धावसंख्या एक बाद २६७ अशी असताना पुढचे नऊ गडी अवघ्या २९ धावांत गेले आणि सामनाही गेला. तेंडुलकरांच्या तक्त्याचा मालक वारला हे मान्य केले, तर बाकीच्यांचे काय? त्यांचे तक्तेही त्याच दिवशी बंद पडले काय? हा प्रश्न रास्त असल्यामुळे त्याला उत्तर देण्यात आले नाही.

अमिताभ बच्चन यांच्या तक्त्याच्या बाबतीत जो प्रमाद झाला, तो पद्धतीच्या सामर्थ्यावर अधिक प्रकाश टाकतो. त्यांची जन्मतारीख ११ ऑक्टोबर १९४२. ऑनलाइन सेंटर चालवणाऱ्या तरुणाने ती आकड्यांत भरली आणि अमेरिकी सवयीच्या संगणकाने महिना आधी वाचून तिची १० नोव्हेंबर केली. तयार झालेल्या तक्त्यावर तासभर निरूपण झाले. १९८२ साली ‘कुली’च्या चित्रीकरणातला अपघात, पुढचे कर्ज, २००० साली सुरू झालेला ‘कौन बनेगा करोडपती’, इतकेच काय तर भारदस्त आवाजसुद्धा त्यातून अगदी स्पष्ट निघाला, श्रोत्यांनी मान डोलावली आणि मग कोणीतरी तारीख वाचली. दुरुस्त तारखेचा तक्ता काढल्यावर त्यातूनही अपघात, कर्ज, कार्यक्रम आणि आवाज त्याच क्रमाने आणि तितक्याच स्पष्टपणे निघाले. एवढ्यात निवृत्त गुरुजींना आठवले, की दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारतातील घड्याळे एक तास पुढे केलेली होती, म्हणजे त्या काळात जन्मलेल्यांच्या वेळेतून एक तास वजा करायला हवा. तो वजा करून तिसरा तक्ता काढला. त्यातून काय निघाले हे पुन्हा सांगण्याचे कारण नाही.

“मंग कोनता खरा?” असे तरुणाने विचारले.

“तिन्ही खरे,” गुरुजी म्हणाले, “मानूस मोठा आहे.”

छपाईच्या बाबतीतही संकट आले. तक्त्याचे सारे मर्म केंद्रांच्या रंगात असते, आणि तालुक्याच्या ठिकाणी रंगीत प्रिंटचा दर काळ्या प्रिंटच्या कितीतरी पट असल्यामुळे, शिवाय सातबारा, उत्पन्नाचा दाखला आणि प्रवेशपत्रे छापून छापून यंत्रातली शाई मरणपंथाला लागलेली असल्यामुळे, तेंडुलकर यांचा तक्ता नवही केंद्रे पांढरी फटक घेऊन बाहेर पडला. नवही केंद्रे कोरी असणे हे रिफ्लेक्टरचे एकमेव लक्षण आहे. त्यामुळे काल संध्याकाळपर्यंत जनरेटर असलेला सचिन आज सकाळी शंभरात एक असा रिफ्लेक्टर झाला, आणि त्याने प्रत्येक मोठ्या निर्णयापूर्वी अठ्ठावीस दिवस थांबायला हवे होते असे निष्पन्न झाले. १५ नोव्हेंबर १९८९ रोजी सुरू झालेल्या कराचीच्या कसोटीत सोळा वर्षांच्या या पोराला त्याच सामन्यात पदार्पण करणाऱ्या वकार युनूसने १५ धावांवर त्रिफळाचीत केले, याचा उलगडा तेथल्या तेथे झाला : पुढे खेळावे की मागे, याचा निर्णय व्हायला अजून सत्तावीस दिवस आणि काही तास बाकी होते. त्या आठवड्यात ज्यांनी ज्यांनी तक्ते छापून नेले ते सर्व रिफ्लेक्टर निघाले. एका गृहिणीने नवऱ्याच्या तक्त्यातले डोक्याचे केंद्र पांढरे पाहून, “हे तं मले लग्नापासून माहीत आहे, ह्याले दहा रुपये काहून दिले?” असा सवाल केला. शाई बदलल्यावर गावातील दुर्मिळ माणसांची संख्या एकदम घटली आणि काहींनी नवीन तक्ता घेण्यास साफ नकार दिला.

जुन्या पिढीच्या तक्त्यांची अडचण आणखी निराळी आहे. त्या काळी पोरगे शाळेत आणून बसवले की गुरुजी त्याच्या उंचीकडे पाहून वर्ष ठरवीत आणि तारीख १ जुलै लिहीत, त्यामुळे १९५० च्या दशकात जन्मलेल्यांपैकी पुष्कळांचा वाढदिवस आजही एकाच दिवशी येतो आणि त्यांच्या सेवानिवृत्तीचे निरोपसमारंभ शामियान्याच्या एकाच भाड्यात उरकले. खरी जन्मवेळ विचारली तर “रोवन्याईच्या दिवसात, पाऊस लागला होता” एवढाच तपशील मिळतो, तो कोणत्याही संगणकात भरता येत नाही. तेव्हा शाळेच्या दाखल्यावरची १ जुलै भरली जाते, आणि त्या दशकातील १ जुलैचा सूर्य बहुधा येतो बावन्नाव्या द्वारात, ज्याची यी चिंगमधील आकृती पर्वताची असून तिचा अर्थ हालचाल न करता स्थिर बसणे असा आहे. तक्त्यावर विश्वास नसणाऱ्यांनी एकदा दुपारी बाराच्या सुमारास चौकातल्या पारावर नजर टाकावी.

वैज्ञानिक वृत्तीच्या लोकांनी या विषयाकडे दुर्लक्ष केले असे कोणी म्हणू नये. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह महाराष्ट्रात एक चाचणी घेतली, तिचा अहवाल २००९ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आला. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून ज्योतिषांना त्यांतल्या प्रत्येकी चाळीस देण्यात आल्या आणि कोणती कोणाची ते ओळखण्यास सांगितले. उत्तरे पाठवणाऱ्या सत्तावीस ज्योतिषांची सरासरी चाळिसात विसाच्याही खाली राहिली. नाणेफेक केली असती तर वीस आले असते. एका संस्थेने सर्वच्या सर्व दोनशे पत्रिका तपासून त्यांतल्या १०२ बरोबर सांगितल्या, म्हणजे ती नाण्याच्या दोन पावले पुढे गेली. क्रिकेटप्रेमी देशात यावरून कर्णधाराने नाणे फेकावे की ज्योतिषी न्यावा असा वाद पेटायला हवा होता. तो न पेटण्याचे कारण एवढेच, की प्रसिद्ध माणसाची पत्रिका पाहताना कोणीही नाव झाकून ठेवत नाही. वर ‘सचिन’ असे लिहिलेले असले की खाली काहीही चालते.

रा उरू हू ज्या वर्षी जन्मले त्याच १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या एकोणचाळीस विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली, प्रत्येकाला त्याचे म्हणून एक वर्णन दिले आणि ते किती जुळते यास पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ पडली, वर्णन सर्वांना एकच दिलेले होते आणि ते राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेले होते. हा प्रयोग गोरेगावात सांगितला असता श्रोत्यांनी तो लक्षपूर्वक ऐकला आणि त्यांतल्या एका राइस मिलवाल्याने विचारले, “त्या फोररचा प्रकार कोनता होता?”

प्रश्न हास्यास्पद वाटला तरी उद्योगाची खरी गोम त्यातच आहे, कारण सचिनच्या आयुष्याचे कुतूहल फार थोड्यांना असते; सचिनचा आणि आपला प्रकार एकच निघतो का, हे पाहण्यासाठी सारी धडपड चाललेली असते. शंभरातील सत्तर माणसे साधे किंवा घाईचे जनरेटर मानली जात असल्याने तो बहुधा एकच निघतो, आणि माणूस कागदाची घडी करून खिशात ठेवताना थोडा ताठ चालू लागतो. त्या ताठपणाची निष्पत्ती घरोघरी वेगवेगळी दिसते. बारावीतला एक मुलगा आपण जनरेटर असल्याने अभ्यास आपणहून सुरू करू शकत नाही, प्रश्नपत्रिका समोर आली की प्रतिसाद देऊ, असे आईला सांगू लागला. आईने लाटणे समोर धरले, तेव्हा प्रतिसाद लगेच मिळाला. आधारभूत खरेदी केंद्रावर धान घालण्यासाठी आलेल्या शेतकऱ्यांमध्ये तर या विद्येचा प्रसार करण्याची गरजच पडली नाही, कारण आधी नोंदणीची, मग क्रमांकाची, मग बारदान्याची, मग चुकाऱ्याची आणि शेवटी बोनसची वाट पाहण्यात ज्याचा हंगाम जातो, त्याला अठ्ठावीस दिवसांचे कौतुक कोण सांगणार?

“आमाले तं चंद्राच्या चार फेऱ्या लागतेत,” असे एका काकाजींनी पोत्यावर बसल्या बसल्या हिशेब करून सांगितले.

या सगळ्या खटाटोपात सर्वांचे तक्ते काढणाऱ्या त्या ऑनलाइन सेंटरवाल्या तरुणाने स्वतःचा तक्ता मात्र बरेच दिवस काढलेला नव्हता. नवीन शाई आल्यावर त्याने तो रंगीत छापला आणि तो प्रोजेक्टर निघाला. प्रोजेक्टरजवळ दुसऱ्याला आरपार पाहण्याची दृष्टी असते असे मानतात. परंतु कोणी बोलावल्याशिवाय, विचारल्याशिवाय त्याने सल्ला दिला तर तो सल्ला फुकट जातो आणि त्याच्या वाट्याला ‘कडवटपणा’ येतो, असा या पद्धतीचा स्पष्ट दंडक आहे. तरुण श्रद्धावान असल्यामुळे त्या दिवसापासून त्याने न विचारता तक्त्याविषयी एक अक्षर काढले नाही. पानठेल्यावर तो सुपारी चघळत गप्प बसू लागला, लोक सचिनवरून थेट धानाच्या भावावर जाऊ लागले, आणि तक्ते छापून घेणाऱ्यांची रांग ओसरली. पंधरवडाभर त्याने कळ काढली. मग सेंटरच्या काचेवर, आधार दुरुस्ती आणि पॅन कार्डच्या दरपत्रकाखाली, ठळक अक्षरांत एक नवीन कागद चिकटला : ‘कृपया विचारावे.’